कोंबडीच्या पिलांना खाऊ : केव्हा, कोणता व किती

घरी कोंबडीची पिले आणली की त्यांच्यापुढे मूठभर कणी टाकावी, भाकरीचा कुस्करा ठेवावा, असे घरातील वडीलधाऱ्यांस व मुलांस साहजिकच वाटते. ही माया पिलांना मानवेल की बाधेल, हे त्यांचे वय व खाऊचे प्रमाण यांवर अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकरी कुटुंबाने एक दिवसाची ५० पिले आणली. ब्रूडरची ऊब, तुसाची गादी, खाद्य, पाणी व लस यांविषयी मी सर्व सूचना दिल्या होत्या. चौथ्या आठवड्यात भेट दिली, तेव्हा १४ पिले दगावली होती व उरलेली खुजी राहिली होती. खाद्याची गोणी मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक होती. चौकशी करता असे कळले की, तिसऱ्या दिवसापासून घरातील आजी दिवसातून तीन वेळा कणी व मऊ भात पिलांपुढे ठेवीत असत. “आवडीनं खातात म्हणून दिलं, साहेब,” असे त्या म्हणाल्या. दोष त्यांचा नव्हता. खाऊविषयी मी एक शब्दही सांगितला नव्हता.

जुना अनुभव व नवी परिस्थिती

आजींनी जन्मभर खुडुक कोंबडीखाली पिले वाढविली होती. अशी पिले आईमागे अंगणात फिरतात, किडे व मुंग्या टिपतात आणि त्यांबरोबर बारीक खडेही गिळतात. कोंबडीला दात नसतात. कठीण दाणा तिच्या पेषणीत या खड्यांच्या साहाय्याने भरडला जातो. ब्रूडरमधील पिलांना किडेही मिळत नाहीत व खडेही मिळत नाहीत. त्यांचे सर्व पोषण आपण ठेवलेल्या खाद्यावरच अवलंबून असते.

पोषणाचा हिशेब

पिलांच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात, तर तांदळाच्या कणीत ती सुमारे ८ टक्केच असतात. पिलांनी निम्मे खाद्य व निम्मी कणी खाल्ली, तर प्रथिनांचे प्रमाण १४ टक्क्यांवर येते. पोट भरते, परंतु वाढ खुंटते. हीच कणी दहाव्या हिश्शाइतकी दिली, तर हे प्रमाण १८.८ टक्के राहते. म्हणून खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक कधीही नसावा. २० पिले दिवसाकाठी ४०० ग्रॅम खाद्य खात असतील, तर खाऊ ४० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मूठ, पुरे.

वयानुसार क्रम

पहिले दोन आठवडे : केवळ पिलांचे खाद्य व स्वच्छ पाणी द्यावे. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरण्याची पद्धत आहे. ती त्या दिवसापुरतीच ठेवावी. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वेगळ्या पसरट भांड्यात धुऊन वाळविलेली जाडसर वाळू ठेवावी. शिंपल्यांचा चुरा मात्र देऊ नये. त्यातील जादा चुन्यामुळे वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो.

तिसरा आठवडा : लसूणघास, मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला अगदी बारीक चिरून द्यावा. लांब काड्या व दोर गळ्याजवळील अन्नाच्या पिशवीत अडकून राहतात.

चौथा आठवडा : उकडलेल्या अंड्याचा चुरा किंवा वाळवी थोड्या प्रमाणात द्यावी. वाळवी मिळविण्यासाठी मडक्यात ओलसर शेण व काडीकचरा भरून ते सायंकाळी वारुळावर पालथे घालावे व सकाळी उचलावे. वाळवीनाशक औषध टाकलेल्या जागेतील वाळवी कदापि घेऊ नये.

सहाव्या आठवड्यानंतर : भरडलेली ज्वारी, बाजरी किंवा कणी एक वेळ द्यावी.

खाऊ नेहमी दुपारनंतर, पिलांनी खाद्य खाल्ल्यावर द्यावा. पंधरा-वीस मिनिटांत जे उरेल ते काढून टाकावे. ओले पदार्थ गादीवर सांडू देऊ नयेत. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने बळावतात. नवीन पदार्थानंतर विष्ठा पातळ झाल्यास तो पदार्थ लगेच बंद करावा.

वर्ज्य पदार्थ

पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे विषारी असते. ते धुऊनही देऊ नये. लोणचे, पापड, खारवलेली सुकट व खारट उष्टे पिलांना सोसत नाही. सोयाबीन व राजमा कच्चे देऊ नयेत.

बुरशी आलेला दाणा किंवा पेंड कोंबड्यांना घालण्याची चाल सर्वांत घातक होय. सन १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मृत्युमुखी पडले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, हे त्याचे कारण असल्याचे पुढील संशोधनात सिद्ध झाले. हे विष शिजविल्यानेही पुरते नष्ट होत नाही.

ग्रामसेवकांस सूचना

योग्य वेळी दिलेल्या खाऊचा एक फायदा असा की, पिले माणसाळतात. रोज एकच हाक देऊन खाऊ टाकल्यास पुढे मोकळी सोडलेली पिले सायंकाळी त्या हाकेसरशी खुराड्यात परततात व कोल्ह्या-मांजरापासून वाचतात.

पिले देताना बहुधा घरातील कर्त्या पुरुषासच माहिती दिली जाते. ग्रामसेवकांनी तेवढ्यावर न थांबता, त्या घरात पिलांपुढे दाणे कोण टाकते हे विचारावे व त्या व्यक्तीस समोर बसवून तिच्याच मुठीने माप दाखवावे. वर सांगितलेल्या कुटुंबाने पुढील वर्षी पुन्हा पिले आणली, तेव्हा मी प्रथम आजींना बोलाविले. खाऊचे काम त्यांच्याकडेच ठेवले. फक्त तिसरा आठवडा लागेपर्यंत थांबण्यास सांगितले. त्या थांबल्या व पिले चांगली वाढली.