'सॅन अँड्रियास' : चुकांसकट आवडणारा भूकंप

'विज्ञान कळणाऱ्या माणसाला असले सिनेमे बघवतातच कसे?' आपत्तिपटांच्या चाहत्यांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. पण २०१५मध्ये 'सॅन अँड्रियास' आला, तेव्हा भूकंपशास्त्रज्ञ लुसी जोन्स चक्क त्याच्या प्रीमियरला गेल्या आणि पडद्यावरच्या चुका ट्विटरवर सांगत राहिल्या. मला हे फार आवडतं. चूक ओळखता येणं हाही मजेचाच भाग आहे. ड्वेन जॉन्सन कोसळत्या इमारतीच्या गच्चीवरून बायकोला हेलिकॉप्टरने उचलतो, तेव्हा आपण काही भूगोलाच्या तासाला बसलेलो नसतो. शहरं पत्त्यांसारखी पडतात, तरी नायकाचं कुटुंब वाचणार याची खात्री असते. दमलेल्या डोक्याला दोन तास एवढं पुरतं.

सिनेमात सगळंच खोटं असतं, असंही नाही. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास प्रस्तरभंग (भूकवचातली भेग) खरा आहे, सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा. १९०६मध्ये सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा ७.९ तीव्रतेचा भूकंप त्याच्यावरच झाला. सिनेमात मात्र तीव्रता ९.६पर्यंत जाते. आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप, १९६०चा चिलीचा, ९.५चा होता. भूकंप किती मोठा होणार हे भेगेचा किती भाग सरकतो यावर ठरतं. सॅन अँड्रियासची भेग लांब असली तरी तिचा ठिसूळ, झटक्याने सरकणारा भाग साधारण १५ किलोमीटरच खोल आहे. त्यामुळे तिथे ८.३च्या फार पुढे मजल जात नाही.

जमीन दुभंगून दरी पडते, हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. दोन तळहात एकमेकांवर दाबून सरकवून पाहा. ते अडकतात आणि मग एकदम सुटतात. भेगेच्या दोन बाजूही अशाच अडकतात आणि या अडकण्यातच ताण साठतो. तळहात आधीच लांब केले, तर झटका येणार कुठून? हादऱ्याने उथळ भेगा पडतात, पण माणसं गिळणारी दरी नाही. माणसं मरतात ती बांधकामांमुळे. १९९३च्या भूकंपात किल्लारीत पहाटेच्या झोपेतल्या लोकांवर दगड-मातीच्या जाडजूड भिंती कोसळल्या होत्या.

सिनेमातली त्सुनामीही अशीच. सॅन अँड्रियासवर जमिनीचे दोन तुकडे आडवे सरकतात, समुद्राचा तळ वर उचलला जात नाही. मग गोल्डन गेट पुलावर चाल करून येणारी लाट उठणार कशी? आणि सिनेमातला प्राध्यापक भूकंपाचं भाकीत करतो खरा, पण वेळ, जागा, तीव्रता आधी नेमकी सांगणं अजून कोणालाही जमलेलं नाही. मात्र हाच प्राध्यापक सगळ्यांना टेबलाखाली शिरायला ओरडतो, ते अगदी बरोबर आहे.

या चुका मी आनंदाने पोटात घालते. खटकतात त्या माणसांबद्दलच्या. संकट आलं की लोक सैरावैरा धावतात, दुकानं लुटतात, एकमेकांना ढकलून पळतात, असं हे सिनेमे पुन्हा पुन्हा दाखवतात. इथे गाडीत अडकलेल्या नायकाच्या मुलीला तिच्या आईचा श्रीमंत मित्र टाकून पळतो, आणि बचाव पथकातला नायकसुद्धा ड्यूटी सोडून सरकारी हेलिकॉप्टर घेऊन घरच्यांमागे जातो. एन्रिको क्वारंटेली या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकं खऱ्या आपत्तींचा अभ्यास केला. त्यांना दिसलं ते वेगळंच. बेभान पळापळ क्वचितच होते आणि बचाव कर्मचारी सहसा काम सोडत नाहीत. ढिगाऱ्याखालच्यांना काढायला सर्वांत आधी हात घालतात ते शेजारीपाजारी. लोक सैरभैर होतात हा गैरसमज अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसला, तर 'लोक घाबरतील' म्हणून इशारा द्यायला उशीर होऊ शकतो. म्हणून तो खोडायलाच हवा. १९८५च्या भूकंपात मेक्सिको सिटीतले साधे नागरिक पडक्या इमारतींच्या फटींत शिरून अडकलेल्यांना बाहेर काढत होते. त्यांच्यातूनच 'लोस टोपोस' हे स्वयंसेवी बचाव पथक उभं राहिलं, आणि ते आजही दुसऱ्या देशांतल्या भूकंपांत मदतीला जातं.