‘पडदा लाव’ : गृहयंत्रणेस द्यावयाच्या आज्ञेचा अर्थविचार

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे दोन शब्द केवळ भूगोलाचे नव्हेत. उन्हाळा कसा जाणार हेही त्यांवरून कळते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर त्या मानाने सुसह्य असते. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव, नांदुरा, मलकापूरच्या बाजूस गेले की घराची पश्चिमेकडील खिडकी मे महिन्यात वैरीण होते. पूर्वी अशा खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधीत व त्यांवर पाणी शिंपडीत. आता काही घरांत त्या जागी मोटारीने वरखाली होणारे गुंडाळीचे पडदे आले असून दिवे, पंखे यांच्यासमवेत ते एकाच गृहयंत्रणेस जोडले जातात. खामगावच्या आमच्या घरी ही जोडणी मी स्वतः करून पाहिली. तारा व खुंट्या यांचे काम एका दिवसात आटोपले; शब्दांचे काम अद्याप चालू आहे. प्रस्तुत लेख त्या शब्दांविषयी आहे.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेणे इष्ट होय. पडद्याचे कापड ज्या नळीवर गुंडाळले जाते तिच्या पोटातच मोटार बसविलेली असते. वरची आणि खालची अशा दोन सीमा तिला एकदा शिकवाव्या लागतात. मधली स्थिती मग टक्क्यांत मोजली जाते. हे टक्के कोठून मोजावयाचे याविषयी मात्र यंत्रकर्त्यांतच एकवाक्यता नाही. झिग्बी या बिनतारी प्रमाणात शून्य म्हणजे पूर्ण उघडा आणि १०० म्हणजे पूर्ण बंद. होम असिस्टंट या २०१३ साली सुरू झालेल्या मुक्त प्रणालीत नेमके याच्या उलट! जोडणाऱ्या दुव्याला हा आकडा उलटा करून द्यावा लागतो. मराठी कानाला यातली गंमत चटकन कळेल. ‘पडदा अर्धा कर’ ही आज्ञा दोन्ही पद्धतींत निर्धोक आहे. ‘पाव कर’ किंवा ‘पाऊण कर’ म्हटले की पाव उघडा की पाव बंद, हा प्रश्न उभा राहतो.

आता मुख्य क्रियापद घेऊ. ‘दिवा लाव’, ‘पंखा लाव’, ‘रेडिओ लाव’ यांत ‘लावणे’ म्हणजे चालू करणे. ‘दार लाव’, ‘खिडकी लाव’ यांत तेच क्रियापद मिटण्याचा अर्थ देते. ‘पडदा लाव’ याचे तर दोन अर्थ संभवतात : नवा पडदा दांडीवर चढविणे, आणि असलेला पडदा ओढून घेणे. हा विरोधाभास वरवरचा आहे. ‘लावणे’ हे ‘लागणे’चे प्रयोजक रूप असून एक वस्तू दुसरीस भिडविणे हा त्याचा गाभा आहे. दार चौकटीस भिडते, ज्योत वातीस भिडते. माणसाला कर्मावरून पुढचे आपोआप उमगते. यंत्रणेच्या कोष्टकात मात्र ‘लाव’ या एका शब्दापुढे ‘चालू’ असे लिहून ठेवले, आणि पडद्याच्या बाबतीत ‘चालू’ म्हणजे ‘उघडा’ असे धरले, तर भर दुपारी ‘पडदा लाव’ म्हणताच ऊन घरात घेतले जाईल. आमच्या घरी पहिल्या दिवशी असेच झाले. उपाय सोपा आहे : अर्थ क्रियापदास न जोडता कर्म व क्रियापद यांच्या जोडीस जोडावा.

‘बंद कर’ याचे प्रकरण अधिक कठीण, आणि त्याचा धडा मला साखरांब्याच्या एका बरणीने दिला. आईने ती उन्हासाठी खिडकीच्या कठड्यावर ठेवली होती. पडदा खाली येत असता त्याची जड पट्टी बरणीच्या काठावर टेकली, बरणी कलली. आई ओरडली, ‘बंद कर, बंद कर!’ यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली. पडदा बंद करण्याचे काम त्याने नेटाने चालू ठेवले. आईला अर्थात मोटार बंद हवी होती. पंखा बंद करणे म्हणजे थांबविणे, पडदा बंद करणे म्हणजे खाली आणणे; आणि पडदा चालत असताना तो काही क्षणांपुरता पंख्याच्या जातीचा होतो. बरणीच्या जागी लहान मुलाचा हात असता तर हे विवेचन इतक्या शांतपणे लिहिता आले नसते.

येथे पॉल ग्राइस यांचा संभाषण-सहकार्याचा सिद्धान्त (१९६७ची व्याख्याने, प्रसिद्धी १९७५) प्रत्यक्ष उपयोगी पडतो. जी गोष्ट घडतच आहे ती घडव, असे कोणी विनाकारण सांगत नाही. पडदा मिटत असताना आलेल्या ‘बंद कर’चा ‘मिटव’ हा अर्थ निरर्थक ठरतो. म्हणून ‘थांबव’ हाच अर्थ घेतला पाहिजे. पडदा उघडत असताना तीच आज्ञा आली तर संदिग्धता खरोखरच उरते. तेथेही थांबणेच बरे, असे माझे मत. थांबलेला पडदा पुन्हा हलविता येतो.

परंतु हा नियम पाळावयाचा तर पडदा चालतो आहे की थांबला आहे हे यंत्रणेला ठाऊक हवे. स्वस्त मोटारी पुष्कळदा एकमार्गी असतात : आज्ञा ऐकतात, उत्तर देत नाहीत. त्यांची स्थिती केवळ गेलेल्या सेकंदांवरून अनुमानिली जाते, आणि मध्येच वीज गेली की ते अनुमान कोसळते. तेव्हा उत्तर देणारी मोटार घेणे ही चैन नव्हे. वाक्याचा अर्थ लावण्याचीच ती पूर्वअट आहे.

राहिला बोलीचा प्रश्न. गूगल असिस्टंट २०१८ साली मराठी बोलू लागले. ओपनएआयचे व्हिस्पर हे २०२२ सालचे श्रुतलेखन-प्रतिमानही मराठी ओळखते. पण त्यांची मराठी बव्हंशी प्रमाण मराठी. घाटाखालची आमची वऱ्हाडी ‘सकाळी’ला ‘सकायी’ म्हणते, दार ‘खोलते’, आणि आग्रहाने ‘लाव न’ असे सांगते. या ‘न’मध्ये विनवणी आहे, नकार नाही; नकारासाठी ‘लावू नको’ आहेच. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद झाली, तिला शतक उलटून गेले. यंत्राच्या कोष्टकात ती कोणी तरी हाताने घालावी लागते. होम असिस्टंटसारख्या प्रणालीत आपली वाक्ये आपण लिहून देण्याची सोय आहे. मी ‘खोल’, ‘उघड’, ‘वर घे’ ही एका अर्थाखाली, ‘लाव’, ‘खाली घे’, ‘सोड’ ही दुसऱ्याखाली, आणि ‘थांब’, ‘पुरे’, ‘राहू दे’ ही तिसऱ्याखाली घातली. ‘ओढ’ मुद्दाम वगळला. पडदा दोन्ही दिशांनी ओढता येतो.

आई हल्ली ‘वर घे’ व ‘खाली घे’ एवढेच वापरते. गुंडाळीच्या पडद्याला ते पुरते. बाजूला सरकणाऱ्या पडद्यांसाठी तितकी निःसंदिग्ध जोडी मला अजून सापडलेली नाही.