हुप्प्याचं वजन, वानरीचं वय

दुपारची जेवणं आटोपून माणसं जरा लवंडली, की विदर्भातल्या खेड्यात हमखास पत्र्यावर धाडकन आवाज होतो. पाठोपाठ दुसरा, तिसरा. पोरं ‘वांदरं आली’ म्हणत अंगणात धावतात आणि वाळत घातलेले पापड, कुरडया उचलायची घाई होते. रोज ऐकणाऱ्याला आवाजावरूनच कळतं, आत्ता पत्र्यावर पडला तो हुप्प्या होता की पिल्लू पोटाशी धरलेली वानरी. दोघांच्या वजनात फरकच तेवढा आहे. उत्तर आणि मध्य भारतातल्या मैदानी वानराचा पूर्ण वाढलेला नर सरासरी १८ किलोंचा असतो, मादी ११ किलोंची.

मराठीत वानर आणि माकड असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ते अगदी बरोबर आहेत. लाल तोंडाचं ते माकड. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर. माकडाचा नर सात-आठ किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे वानरनराच्या निम्माही नाही. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. दिसेल ते त्यात कोंबून ते पळतं आणि मग सावकाश खात बसतं. वानराला गालात पिशवी नाही. त्याने सगळी सोय पोटात करून ठेवली आहे, आणि त्याच्या अंगाचा आकार, वजन, दिवसभराची चाल हे सगळं त्या पोटावरूनच ठरलेलं आहे.

आधी मापं पाहू. डोक्यापासून बुडापर्यंत वानर ५१ ते ७९ सेंटिमीटर भरतं. शेपटी ६९ ते १०२ सेंटिमीटर, म्हणजे नेहमी अंगापेक्षा लांब. या शेपटीने फांदी धरता येत नाही. झाडावरून झाडावर झेप घेताना तोल सावरणं हे तिचं काम. चालताना वानर शेपटी कशी धरतं, हे मात्र जरूर पाहावं. उत्तरेकडची वानरं ती पाठीवरून डोक्याच्या दिशेने कमानीसारखी वळवतात, दक्षिणेकडची मागे, डोक्यापासून दूर झुकवतात. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रुनवाल यांनी ठिकठिकाणच्या वानरांच्या या लकबी नोंदवल्या, तेव्हा दोन्ही तऱ्हांमधली सीमा साधारण तापी आणि गोदावरीच्या पट्ट्यातून जाते असं दिसलं. म्हणजे ती आपल्याच मुलखातून जाते. पुढच्या प्रवासात एसटीच्या खिडकीतून टोळी दिसली, तर आधी शेपट्या बघा.

आता पोट. शेवग्यावर बसलेली वानरी जवळून पाहिली आहे का? ती फांदी हाताने ओढून घेते, कोवळा शेंडा दातांनी खुडते, देठ खाली टाकते आणि पुढची फांदी धरते. अर्ध्या तासात झाडाखाली डहाळ्यांचा सडा पडतो. पिंपळ, वड, उंबर, चिंच यांची पालवी, कळ्या, फुलं, कच्ची फळं, बिया असा तिचा आहार. पानं मुबलक असतात, पण त्यांत ताकद कमी आणि चोथा फार. तो चोथा म्हणजे सेल्युलोज पचवणारं पाचकद्रव्य कुठल्याच सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही. गाय हे काम कोठीपोटातल्या जिवाणूंकडून करून घेते. वानरही तेच करतं.

१९६८ साली बॉकॉप आणि मार्टुची या संशोधकांनी वानराच्या जठराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते जठर मोठं, कप्प्याकप्प्यांचं, जिवाणूंनी भरलेलं होतं आणि पानं त्यात अक्षरशः आंबत होती. अशा पानखाऊ वानरांत जठर आणि त्यातला ऐवज मिळून शरीराच्या वजनाच्या १७ टक्क्यांच्या घरात जातो. अठरा किलोंच्या हुप्प्यात तीनेक किलो नुसतं हेच ओझं. पोटभर खाल्ल्यावर वानरं फांदीवर तासन्‌तास पाय सोडून बसतात, त्याला आपण आळस म्हणतो. खरं तर त्या वेळी पोटात जोरात काम चालू असतं.

पुढचा शोध तर मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. आपल्या अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं, ते जिवाणूंची भिंत फोडतं. गाय आणि वानर हेच द्रव्य जठरात वापरतात. आधी जिवाणूंकडून पानं आंबवून घ्यायची, मग ते जिवाणूच पचवून त्यांच्यातली प्रथिनं मिळवायची. १९८७ साली कॅरो-बेथ स्ट्युअर्ट, जेम्स शिलिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी दाखवलं, की गाय आणि वानर यांच्या जठरातल्या लायसोझाइममध्ये काही बदल हुबेहूब सारखे आहेत. दोघांचं नातं फार दूरचं. पण पानं खाऊन जगायचं तर वाट एकच होती, आणि दोघंही आपापल्या बाजूने तिथेच पोचली.

देवळाच्या पायऱ्यांवर वानरांना बिस्किटं, पाव, पोळ्या घालणाऱ्या भाविकांना हे कुणीतरी प्रेमाने समजावायला हवं. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात आणि बुंदी गुरांना घातली, की जनावर फुगतं, कधी दगावतंही, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. पिठूळ आणि गोड अन्न कोठीपोटात झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं आणि कामाचे जिवाणू मरतात. वानराच्या पोटाची जातकुळी तीच आहे. मारुतीरायाच्या नावाने खाऊ घालणाऱ्याच्या मनात भक्तीच असते, यात शंका नाही. पण त्या पोटाला पानंच मानवतात.

वजनाचं कोडंही इथेच सुटतं. लहान प्राण्याला अंगाच्या मानाने जास्त ऊर्जा लागते आणि तीही लगेच लागते. पानं सावकाश पचतात. मोठ्या अंगाला मोठं पोट सामावता येतं, धीर धरता येतो. म्हणून पानांवर जगणारा प्राणी फार लहान राहून भागत नाही. त्यात थंडीची भर पडली की अंग आणखी वाढतं. दक्षिणेतल्या वानरांपेक्षा उत्तरेतली थोराड, आणि हिमालयातली सगळ्यांत मोठी. वानराचं आजवर नोंदलेलं सर्वाधिक वजन २६.५ किलो आहे, आणि ते हिमालयात राहणाऱ्या नेपाळी वानराच्या एका नराचं.

आयुष्याच्या हिशेबात मात्र पारडं उलटं फिरतं. वजनात मादीच्या दीडपटीहून जास्त असलेला नर साधारण १८ वर्षं जगतो, मादी ३० वर्षांपर्यंत. मादी सहसा जन्मली त्याच टोळीत आई, बहिणी, मावश्यांबरोबर म्हातारी होते. सुमारे २०० दिवसांच्या गर्भारपणानंतर काळसर केसांचं, फिकट तोंडाचं पिल्लू जन्मतं आणि पहिल्याच दिवसापासून टोळीतल्या इतर माद्या ते मागून मागून कडेवर घेतात. नराच्या वाट्याला हे सुख नाही. वाढत्या वयात त्याला टोळीबाहेर काढलं जातं. मग नुसत्या नरांच्या टोळक्यात भटकणं, संधी साधून एखाद्या टोळीच्या हुप्प्याशी झुंजणं. जिंकला तरी गादी बहुधा दोन-तीन वर्षांचीच. चावे, जखमा, झाडावरून पडणं, कुत्री यांत अनेकांचं आयुष्य संपतं.

नवा हुप्प्या आला की अंगावर पिणाऱ्या पिल्लांचा जीव धोक्यात येतो. हे साठच्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळच्या रानात नोंदवलं. पुढे १९७१पासून सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षं टोळ्यांचा माग काढला. पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते, असा अर्थ त्यांनी लावला. त्यावर बराच वादही झाला.

त्या टोळ्यांमध्ये हर्डींनी ‘सोल’ असं नाव दिलेली एक म्हातारी वानरी होती. तिची पिल्लं होण्याची वर्षं सरली होती. ती टोळीच्या कडेकडेने राहायची, खाण्यावरून कुणाशी भांडायची नाही, चांगली फांदी तरुण माद्यांना सोडायची. पण नव्या हुप्प्याने पिल्लावर झडप घातली, की कडेला बसलेली हीच म्हातारी दुसऱ्या एका मादीला बरोबर घेऊन, आपल्यापेक्षा कितीतरी दांडग्या त्या नराच्या अंगावर धावून जायची.