निमकीची नवी उजळणी

संगणकांची जाळी उभारण्याचे व सांभाळण्याचे काम पत्करू पाहणाऱ्यांसाठी सिस्को या अमेरिकी कंपनीने १९९८ साली सुरू केलेली सीसीएनए ही परीक्षा या व्यवसायाची पहिली पायरी मानली जाते. १२० मिनिटांच्या या परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरता येत नाही आणि मागे टाकलेल्या प्रश्नाकडे परतताही येत नाही, त्यामुळे तिच्या तयारीत वाचनाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व तोंडी हिशेबाला येते.

हा हिशेब सबनेटिंगचा, म्हणजे पत्त्यांच्या मोठ्या समूहाचे लहान गट पाडण्याचा असतो. आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील यंत्राला मिळणारा क्रमांक, त्याच्या चौथ्या आवृत्तीत ३२ बिटांचा, अर्थात शून्य किंवा एक मावणाऱ्या ३२ घरांचा असतो, आणि त्यांपैकी डावीकडील किती घरे गटाची ओळख सांगतात हे तिरप्या रेघेपुढील आकड्यावरून कळते. १९२.१६८.१०.७७/२६ या पत्त्यात २६ घरे गटाकडे जाऊन यंत्रांसाठी ६ उरतात. सहा घरांत ६४ क्रमांक बसतात, म्हणून गट ०, ६४, १२८ आणि १९२ येथे सुरू होतात व ७७ हा क्रमांक ६४ ते १२७ या गटात पडतो. त्यातील पहिला क्रमांक खुद्द गटाचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सर्वांना एकदम संदेश धाडण्याचा, असल्याने यंत्रांच्या वाट्याला ६२च पत्ते येतात. पावकी-निमकी घोकून घेणाऱ्या जुन्या पंतोजींना ही विद्या फारशी परकी वाटली नसती, कारण १२८, ६४, ३२, १६ ही उतरंड म्हणजे २५६ची निमकीच होय.

अभ्यासक्रमात सर्वाधिक, म्हणजे २५ टक्के, भार आयपी जोडणीला, मुख्यतः राउटिंगला, म्हणजे संदेशाची वाट ठरवण्याला, आहे. ही वाट ठरवणाऱ्या यंत्राजवळ, म्हणजे राउटरजवळ, १०.१.०.०/१६ कडे जाणारा हाताने नोंदवलेला मार्ग आणि १०.१.५.०/२४ कडे जाणारा ओएसपीएफ या पद्धतीने कळलेला मार्ग असेल, तर १०.१.५.९ साठीचा संदेश कोठून जाईल, या प्रश्नावर अनेक परीक्षार्थी चकतात. विश्वासार्हतेच्या क्रमात पहिल्याचा अंक १ व दुसऱ्याचा ११० असल्याने (येथे लहान अंक श्रेष्ठ) ते पहिला मार्ग निवडतात. राउटर मात्र आधी अधिक घरे जुळणारा, म्हणजे /२४चा, मार्ग घेतो आणि विश्वासार्हतेचा विचार एकाच गटाकडे जाणाऱ्या दोन मार्गांतच करतो.

डम्प म्हणून फिरणारे प्रश्नसंच पाठ करणे नियमबाह्य आहेच, शिवाय त्यातून हाताला वळण लागत नाही. पॅकेट ट्रेसर या विनामूल्य आज्ञावलीत पडद्यावरच जाळे जोडता येते, आणि तेथे नवशिक्याला प्रथम दिसतात ते तारेच्या टोकांवरचे लाल त्रिकोण, कारण सिस्कोच्या राउटरची दारे मुळात बंद असतात व ‘नो शटडाउन’ ही आज्ञा दिल्यावरच ते त्रिकोण हिरवे होतात.