भिन्न कार्यप्रणाली आणि फायलींची देवाणघेवाण

आजकाल शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत निरनिराळ्या जातींचे संगणक एकाच छपराखालीं नांदतांना दिसतात. एक विंडोज या कार्यप्रणालीवर चालतो, दुसरा ॲपल कंपनीच्या मॅकओएसवर, आणि एखादा जुना संगणक लिनक्स घालून मुलांच्या अभ्यासासाठीं पुन्हां उपयोगांत आणलेला असतो. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचे सर्व व्यवहार पाहणारा कारभारीच होय. तिन्ही कारभारी आपापल्या घरीं कुशल आहेत. परंतु लग्नाचें चित्रण किंवा आजोबांचीं कागदपत्रें एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावयाची वेळ आली, कीं अडचण उभी राहते. डिस्क जोडावी, तर दुसरा संगणक ती वाचीत नाहीं. उलट ती फॉरमॅट करावी अशी सूचना पडद्यावर झळकते. पुष्कळ लोक घाईनें होकार देतात, आणि वर्षानुवर्षांचा संग्रह गमावण्याची पाळी येते. वास्तविक डिस्क मुळीं बिघडलेलीच नसते!

मग दोष कोठें असतो? जुन्या दफ्तरांतील मोडी वही केवळ बाळबोध जाणणाऱ्याच्या हातीं दिली, तर त्याला ती अगम्य वाटेल. म्हणून कांहीं वही खोटी ठरत नाहीं. येथेंही तसेंच आहे. कोणती फाईल डिस्कवर कोठें ठेविली, याची नोंदवही प्रत्येक कारभारी स्वतःच्या लिपींत लिहितो. या पद्धतीस फाईल सिस्टिम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस पद्धत १९९३ मध्यें आली; लिनक्सवर २००८ पासून ईएक्सटी४ रूढ झाली; मॅकनें २०१७ पासून एपीएफएस स्वीकारली. मॅक विंडोजची वही वाचतो, परंतु मूळ व्यवस्थेंत तींत लिहीत नाहीं. लिनक्सला ती वाचतांही येते व लिहितांही येते. विंडोजला मात्र इतर दोघांच्या वह्या सहसा उघडतां येत नाहींत.

यावर पहिला उपाय म्हणजे सर्वांना परिचित असलेली लिपि निवडणें. १९९६ मधील फॅट३२ ही तशीच आहे; पण तींत एक फाईल चार गिगाबाइटांहून मोठी ठेवतां येत नाहीं. त्यामुळें डिस्कवर भरपूर जागा असूनही मोठें चित्रण नाकारलें जातें, आणि मालक चकित होतो. ही मर्यादा २००६ च्या एक्सफॅट पद्धतींत उरली नाहीं. मायक्रोसॉफ्टनें तिची रचना २०१९ मध्यें खुली केली, आणि लिनक्सनेंही ती आपलीशी केली. घरोघर फिरणाऱ्या डिस्कला हीच पद्धत सोयीची. मात्र एनटीएफएस किंवा एपीएफएस यांना आपली नोंदवही अर्धवट लिहिली जाऊं नये म्हणून जी दक्षता घेतां येते, ती एक्सफॅटमध्यें नाहीं. म्हणून रीतसर 'इजेक्ट' केल्यावांचून डिस्क ओढून काढूं नये. तसेंच पद्धत बदलणें म्हणजे डिस्क कोरी करणें होय. तत्पूर्वीं आंतील फायलींची दुसरी प्रत काढून ठेवणें अगत्याचें आहे.

दुसरा उपाय अधिक मौजेचा आहे. डिस्क हातोहात न देतां संगणकांनीं घरच्या वायफायवरून एकमेकांशीं बोलावें, हा तो उपाय. असें केलें, कीं लिपीचा तंटाच मिटतो. कारण मागणारा संगणक दुसऱ्याची वही उघडीत नाहीं, तो फक्त मागणी करतो, आणि मालक आपली वही वाचून फाईल काढून देतो. या बोलण्याची सर्व्हर मेसेज ब्लॉक नांवाची भाषा १९८३ मध्यें आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनीं रचली, आणि पुढें मायक्रोसॉफ्टनें तिचा प्रसार केला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींतील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानें १९९१ च्या अखेरीस यंत्रांमधील संदेश टिपून ही भाषा ओळखण्याचा उद्योग आरंभिला. त्यानें स्वतःच या रीतीस फ्रेंच उपाहारगृहाची उपमा दिली आहे: भाषा न जाणणाऱ्यानें कोपऱ्यांत बसावें, गिऱ्हाईक काय मागतें व वाढपी काय आणतो हें पाहावें, आणि हळूहळू शब्द शिकावे. त्यांतूनच सांबा नांवाची प्रणाली जन्मास आली. हें नांव त्यानें एस, एम व बी हीं अक्षरें क्रमानें असलेले शब्द कोशांत धुंडाळून काढलें.

हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हता. आपली कागदपत्रें वाचण्यासाठीं मनुष्यानें एकाच कंपनीचें दार ठोठावावें काय, हा प्रश्न त्यांत होता. युरोपियन कमिशननें २००४ मध्यें मायक्रोसॉफ्टला अशी माहिती प्रतिस्पर्ध्यांस देण्याचा आदेश दिला. न्यायालयानें २००७ मध्यें तो मुख्यतः कायम केला. त्याच वर्षीं डिसेंबरांत १०,००० युरो एकरकमी भरून सांबाच्या कार्यकर्त्यांस तीं कागदपत्रें मिळालीं.

तथापि दार उघडें ठेवणाऱ्यानें कडीचीही काळजी घ्यावी. या भाषेच्या जुन्या, पहिल्या आवृत्तींतील उणिवेचा फायदा घेऊन मे २०१७ मध्यें वॉनाक्राय हा उपद्रव जगभर पसरला, आणि इंग्लंडांतील रुग्णालयांचींही कामें अडलीं. दुरुस्ती मार्चमध्येंच उपलब्ध झाली होती. ज्यांनीं ती करून घेतली नव्हती, त्यांनाच मुख्यतः फटका बसला. म्हणून पहिली आवृत्ति बंद ठेवावी, संगणकास वेळच्या वेळीं दुरुस्त्या मिळूं द्याव्या, सामायिक कप्प्यास परवलीचा शब्द लावावा, आणि तो कप्पा घराबाहेरील इंटरनेटला कधींही खुला करूं नये.

शेवटीं एक बारीकशी गोष्ट. फाईल पोहोंचली म्हणजे अक्षरेंही पोहोंचलीं असें नव्हे. जुन्या मराठी फाँटांत टंकलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. युनिकोडमध्यें लिहिलेला मजकूर मात्र तिन्ही प्रणालींवर सहसा वाचतां येतो. फाईलच्या नांवांत प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम घातल्यास विंडोज तें नांव स्वीकारीत नाहीं. तेव्हां नांव साधें, लिपि सर्वांची, प्रत दुहेरी, आणि फॉरमॅटच्या प्रश्नास सावकाश उत्तर, एवढें पथ्य पाळलें, तर तीन कारभाऱ्यांच्या घरांतही संसार सुखानें चालेल.