बोलण्यासोबत हलणारा बल्ब

जळगावात किंवा धुळ्यात जुनं वायरिंग असलेल्या घरात एखादा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, रात्री माइकवर आपलं कॉल साइन उच्चारतो: ‘व्हिक्टर युनिफॉर्म...’ आणि भिंतीवरचा साधा पिवळा बल्ब त्याच्या शब्दांबरोबर किंचित मंदावतो. तो थांबला की बल्ब पुन्हा पहिल्यासारखा. टेबलावरचा, सिग्नलची ताकद वाढवणारा लिनियर अँप्लिफायर त्याच्या आवाजाच्या चढउतारानुसार करंट ओढत असतो. म्हणजे आवाज अँटेनातून बाहेर पडतोच, पण त्याच क्षणी तो भिंतीतल्या वायरीत, मीटरमध्ये, पार गल्लीतल्या डीपीपर्यंतही उमटतो! घराचं वायरिंग हा रेडिओचाच एक भाग आहे, हे त्या बल्बकडे पाहून जितकं पटतं तितकं कुठल्याही पुस्तकाने पटत नाही.

आपल्याकडे जनरल ग्रेडच्या हॅमला 400 वॅटपर्यंत परवानगी आहे. तेवढे वॅट अँटेनात पोहोचवायला अँप्लिफायर साधारण 800 वॅट घेतो, बाकीची उष्णता होते. 230 व्होल्टला हा करंट साडेतीन अँपियर, म्हणजे इस्त्रीएवढाच लोड. अमेरिकेत साध्या सॉकेटला 120 व्होल्टच मिळतात. तिथे हाच अँप्लिफायर जवळपास दुप्पट करंट घेईल, आणि वायरीत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून नुकसान जवळजवळ चौपट. त्यामुळे तिथले हॅम मोठ्या अँप्लिफायरसाठी मुद्दाम 240 व्होल्टची वेगळी लाइन ओढून घेतात. आपल्या प्रत्येक बोर्डावर ती सोय आधीपासूनच आहे.

मग बल्ब का हलतो? 1.5 एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम. मेन बोर्डपासून खोली 15 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर. साडेतीन अँपियरला सव्वा व्होल्ट तिथेच गळतो. डीपीपासून घरापर्यंतच्या तारेतला वेगळाच. त्यात आपला उन्हाळा! तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास 0.4 टक्क्यांनी वाढतो. 20 अंशांऐवजी 45 अंश म्हणजे दहा टक्के जादा, आणि मे महिन्यात स्लॅबमधल्या पाइपातली वायर त्याहूनही तापलेली असते. म्हणून मेन बोर्डपासून 2.5 किंवा 4 एमएमची स्वतंत्र वायर, तिला स्वतःचा एमसीबी आणि पॉवर सॉकेट. स्क्रू मात्र घट्ट हवेत. वायर कितीही जाड असली तरी सैल जोड तापतोच.

मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं: त्या 2.5 एमएमच्या वायरीत साडेतीन अँपियर वाहताना इलेक्ट्रॉन सेकंदाला पन्नास वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात, आणि त्यांची एकूण ये-जा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही नसते. एवढ्याशा हालचालीतून आलेली ऊर्जा अँप्लिफायर सेकंदाला सत्तर लाख हेलकाव्यांची करतो, आणि 40 मीटर बँडवर ती आयनांबराला थडकून शेकडो मैल दूर उतरते.

अर्थिंगकडे मात्र खानदेशात विशेष लक्ष द्यावं लागतं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल खोल जाते आणि पावसाळ्यात चोख असलेलं अर्थिंग एप्रिलपर्यंत कमजोर होतं. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरच्या पोटात दोन-तीन हजार व्होल्ट असतात. त्यामुळे मार्चपासूनच अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहायचं आणि वायरमनकडून रोध मोजून घ्यायचा.