पाटीवर 'नर्सिंग होम', आत काय?

मावशी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, नाहीतर एखादं नर्सिंग होम बघा." मावसभाऊ परदेशात. मी डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. तेव्हा शोधाशोध माझ्याकडे आली. पहिल्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या तीन नर्सिंग होमांचे जिने चढून आले. पहिलं प्रसूतिगृह निघालं. दुसऱ्यात मूळव्याध आणि हर्नियाची ऑपरेशनं व्हायची. तिसऱ्यात डॉक्टर हाडांचेच होते, पण रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "ऑपरेशन करायचंय का? मग ठेवू. नुसतं सांभाळायला ठेवत नाही आम्ही."

पहिला गैरसमज शब्दातच आहे. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं महिनोन्‌महिने राहतात ती जागा. तिकडून व्हॉट्सअ‍ॅपवर "नर्सिंग होममध्ये ठेवू या" असं येतं, तेव्हा डोळ्यांसमोर ते असतं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचं दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय, बहुधा डॉक्टर नवरा-बायकोने चालवलेलं. ते ज्या कायद्याखाली नोंदवलं जातं तो १९४९चा, मूळचा मुंबई, आताचा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा. डोंबिवली-कल्याणसारख्या ठिकाणी ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. २०२१मध्ये या कायद्याच्या नियमांत बदल झाले. रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दर दर्शनी भागात लावायलाच हवेत, आणि बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हे सगळं चांगलंच आहे, पण मावशीला हवं होतं ते वेगळंच: कुशीवर वळवणारे हात, दोन वेळा व्यायाम, वॉकरवर चार पावलं.

मग वृद्धाश्रम? पुण्याच्या नव्या पेठेतला 'निवारा' तर एकोणिसाव्या शतकापासून उभा आहे, त्यामुळे वृद्धाश्रम हे आजकालचं पाश्चात्त्य फॅड आहे, हेही खरं नव्हे. पण बहुतेक वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जात एक ओळ असते: अर्जदाराला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. फोनवरची भाषा याहून सरळ. "चालत्या-फिरत्या आहेत का?" नाही म्हटलं की विषय संपला. ज्येष्ठांसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वसाहती हा आणखी तिसरा प्रकार. त्या बांधताना चाकाची खुर्ची जाईल असे दरवाजे, लिफ्ट, आधाराचे कठडे वगैरे असावेत, यासाठी महारेराने २०२४मध्ये नियम केले. तरी तो फ्लॅटच. दरवाजा रुंद असला म्हणून रात्री डायपर बदलायला कुणी येत नाही.

उरतो चौथा प्रकार, जो आपल्याला हवा असतो आणि ज्याला धड नावच नाही. 'केअर सेंटर', 'सेवा सदन', 'जेरियाट्रिक होम', काहीही पाटी असते. बदलापूर, नेरळ, पनवेल, वसई-विरार अशा पट्ट्यात भाड्याच्या बंगल्यांतून, इमारतींच्या मजल्यांवरून ही केंद्रं चालतात.

"त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलंय." मीही आधी यावर विसंबले. फ्रेम वाचली तर ती धर्मादाय आयुक्तांकडची, संस्थेच्या नोंदणीची. ट्रस्ट अस्तित्वात आहे एवढंच ती सांगते, आतल्या खाटेवर काय चाललंय त्याच्याशी तिचा संबंध नाही. दुसऱ्या एका ठिकाणी फ्रेममध्ये दुकानाचा परवाना होता. मजा अशी, की १९४९च्या कायद्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे: आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा. त्यामुळे जो "चोवीस तास नर्सिंग" अशी जाहिरात करतो, नाकातून नळीने जेवण देतो, इंजेक्शनं देतो, त्याला "शुश्रूषागृहाची नोंदणी आहे का?" हे विचारायला लाजू नये. उत्तर देताना समोरचा माणूस कुठे बघतो तेही बघावं. अशी केंद्रं आणि घरी माणसं पाठवणारे ब्युरो यांची स्वतंत्र नोंदणी व्हावी, अशी तरतूद असलेलं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. २०२४मध्ये ती लोकसभा संपली आणि विधेयकही बारगळलं. म्हणजे तपासनीस म्हणून सध्या आपणच.

पैशाबाबतचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. "मेडिक्लेम आहे ना, देईल की." नाही देणार. आरोग्य विम्यात सगळ्या कंपन्यांनी एकसारखे वापरायचे ठराविक अपवाद आहेत, आणि त्यांतल्या एकात अंघोळ, कपडे, हालचाल यांसाठीची मदत स्पष्ट शब्दांत वगळली आहे, मग ती घरी घ्या किंवा एखाद्या केंद्रात, नर्सकडून घ्या किंवा मदतनिसाकडून. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण तेही रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. सांभाळण्याचा महिन्याचा खर्च खिशातूनच जातो. त्यात सांगितलेला आकडा आणि भरायचा आकडा यांत डायपर, अंडरशीट, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची व्हिजिट, ऑक्सिजन एवढ्यांचं अंतर असतं. म्हणून "महिन्याचे किती?" असं विचारण्यापेक्षा, तिथे आधीपासून असलेल्या, आपल्यासारख्याच स्थितीतल्या एखाद्या पेशंटचं मागच्या महिन्याचं बिल, नाव झाकून, दाखवायला सांगावं. एकाने दाखवलं. दोघांनी विषय बदलला.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माणसं. पांढरे कपडे घातलेली प्रत्येक बाई आपल्याकडे 'सिस्टर' असते. खरं तर जीएनएम म्हणजे तीन वर्षांचं प्रशिक्षण, एएनएमचं दोन वर्षांचं, आणि दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. बाकीचे मदतनीस, म्हणजे 'मावश्या' आणि 'मामा'. माझा मावश्यांवर मुळीच राग नाही. चांगली मावशी मिळाली तर पेशंटचं नशीबच म्हणायचं. पण लघवीची नळी बदलणं किंवा इन्शुलिनचा डोस ठरवणं हे तिचं काम नव्हे. तेव्हा रात्री दोन वाजता साखर उतरली तर कोण उठतं, हे नावानिशी विचारावं.

आणि संख्या विचारावी, ती रात्रीची. दिवसाची गर्दी फसवी असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर जखमा होतात. एका ठिकाणी वीस खाटा होत्या आणि रात्रपाळीला दोन मावश्या. वळवायला बहुतेकदा दोघी लागतात, आणि वळवणं, पुसणं, डायपर बदलणं यात दहा मिनिटं जातात. वीस गुणिले दहा, म्हणजे दोनशे मिनिटं, तीन तासांहून जास्त. त्या दोघींनी रात्रभर बूड टेकलं नाही तरी दोन तासांचा नियम पाळणं शक्य नाही. हे गणित मी व्यवस्थापकांपुढे मांडलं. ते म्हणाले, "आमच्याकडे एअर बेड आहेत." हाही एक गैरसमजच. हवेच्या गादीने दाब कमी होतो, पण वळवण्याचं काम ती करत नाही.

"आत गेल्यावर वास आला नाही, म्हणजे स्वच्छ आहे." गुलाबाच्या वासाचं फिनाईल काय भावाने मिळतं ते आपल्याला माहीत आहे. संगमरवरी फरशी, एसी, गणपतीची मोठी मूर्ती हे सगळं बघून झालं की पेशंटांच्या टाचा बघाव्यात, नखं बघावीत, ओठ कोरडे पडलेत का ते बघावं. पाण्याचं भांडं हाताला लागेल असं आहे की खिडकीत, तेही. रात्रीचं जेवण साडेसहाला वाढून सातला दिवे मालवतात का, ते विचारावं. मनगटाला वळ आहेत का बघावं, कारण स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला "रात्री थोडं बांधावं लागतं" असं सहज सांगणारी ठिकाणं आहेत. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. अशा पेशंटना "घेतो" सगळेच म्हणतात. त्यांना समजून सांभाळणारे थोडे.

जागेबद्दलही आपण भुलतो. डोंगर, नदी, आमराई. "निसर्गाच्या सान्निध्यात" हे शब्द मुलांना आवडतात, पेशंटला बहुधा माणसं आवडतात. वांगणीपलीकडे मी बघितलेला एक बंगला खरोखर सुरेख होता. पण जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती, ती उल्हास नदीच्या पाण्यात. त्या दिवशी तिथून पेशंट हलवायचा असता तर? अगदी गावातलंच केंद्र असलं तरी रुग्णालय पूर्वेला आणि केंद्र पश्चिमेला असेल, तर संध्याकाळी सात वाजता रिक्षाने रेल्वेवरचा पूल ओलांडून बघावा. शिवाय साधी गोष्ट: जिथे आपण आठवड्यातून दोनदा, न सांगता, ऑफिसातून परतताना डोकावू शकतो, तिथल्या पेशंटची टाच जरा जास्त बघितली जाते.

"आईला टाकली" हे ऐकावं लागतं. कायदा मात्र टाकणं आणि ठेवणं यांत फरक करतो. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे ती पुरतं सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडणाऱ्याला. त्याच कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते, तीही प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात, नोटीस बजावल्यापासून साधारण तीन महिन्यांत निकाल लागेल अशा बेताने. कमाल रक्कम कायद्याने महिना दहा हजार ठरवली. तिच्यात आज केअर सेंटरची खाट येणार नाही, ही गोष्ट वेगळी. जिल्ह्याजिल्ह्यात दीडशे निराधारांसाठी सरकारी वृद्धाश्रम असतो अशीही एक समजूत आहे. कायदा सरकारला तो 'काढता येईल' म्हणतो, काढलाच पाहिजे असं नाही. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मोफत.

मावशीला शेवटी आम्ही डोंबिवली पूर्वेलाच, घरापासून दहा मिनिटांवर, ठेवलं. आधी पंधरा दिवस, तिला विचारून आणि तिने बघून. करारात होतं, की पेशंटला रुग्णालयात हलवावं लागलं तर "नातेवाईकांनी त्वरित यावे". मी म्हटलं, मी नऊ-वीसच्या लोकलमध्ये मुंब्र्याला असले तर? तोवर तुमचं कोण जाणार, ते लिहा. व्यवस्थापकबाईंनी जरा विचार केला आणि समासात पेनाने लिहिलं: 'ड्यूटीवरील नर्स सोबत जाईल.' खाली सही केली. मावशीने कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि तारीख घालायला सांगितली.